पुरेसं घर

मी कोर्टाचं काम करते म्हटलं की आमच्या महाराष्ट्र मंडळातले लोक आधी विचारतात, ‘तू वकिलीची परीक्षा कधी दिलीस?’ दिली नाही. पोटापाण्यासाठी मी एका कंपनीत हिशेब बघते. कोर्टाचं काम बिनपगारी आहे आणि त्याला कायद्याची पदवी लागत नाही. मारहाण झाली, हेळसांड झाली म्हणून ज्या मुलांना सरकारने आईबापांकडून काढून आपल्या ताब्यात घेतलं, त्यांच्यातल्या एखाद्या मुलाला किंवा भावंडांना नेमाने भेटत राहायचं, त्यांचं घरी, शाळेत, दवाखान्यात काय चाललंय ते शोधून काढायचं आणि न्यायाधीशांना लेखी कळवायचं. अमेरिकेत या स्वयंसेवकांना ‘कासा’ म्हणतात. काही राज्यांत नाव वेगळं आहे, काम साधारण हेच.

याची सुरुवात सिअ‍ॅटलची. १९७७ साली तिथल्या डेव्हिड सूकप नावाच्या न्यायाधीशांनी हे चालू केलं. समोर मूल येतं, त्याचं पुढचं आयुष्य कुठे जाणार ते आपण ठरवतो आणि त्या मुलाबद्दल आपल्याला धड माहितीही नसते, याने ते अस्वस्थ होते. म्हणून त्यांनी गावातल्या साध्या माणसांना विचारलं, तुम्ही जाऊन बघून याल का? आज देशभर हेच चालतं. कोर्टात सोशल वर्कर असतो, पण त्याच्या डोक्यावर केसेसचा ढीग. मुलांना वकील असतो, पण त्याच्याकडेही कितीतरी मुलं. आईला वकील, बापाला वकील, काउंटीला म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाला वकील. कासाकडे मात्र एका वेळी एकच केस, फार तर दोन. आमचं सगळं भांडवल एवढंच, की आमच्याकडे वेळ असतो.

माझी मुलगी कॉलेजला गेली आणि संध्याकाळी मोकळ्या झाल्या, हे माझं कारण. याहून थोर काही नाही.

अर्ज भरला. संदर्भासाठी ओळखीच्या लोकांची नावं दिली, गाडीचा विमा दाखवला, लाइव्ह स्कॅनला जाऊन दहाही बोटांचे ठसे दिले. ते राज्याच्या न्यायखात्याकडे आणि एफबीआयकडे जातात. मग मुलाखत. समोरची बाई छान हसतमुख होती. नोकरी, वेळ, घरात कोण कोण, असं विचारता विचारता तिने सहज विचारलं, ‘लहानपणी तुला शिस्त कशी लावायचे?’ मी म्हटलं, जशी सगळ्यांना लावायचे तशीच. शाळेत छडी, घरी पाठीत धपाटा, फारच झालं तर बाबांच्या हातात पट्टा दिसायचा. तिने पेन खाली ठेवलं. ‘त्याबद्दल आज तुला काय वाटतं?’ हा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. आमच्या पिढीला विचारलं तर ‘म्हणून तर आम्ही सुधारलो’ हे उत्तर जिभेवर तयार असतं. ते मी दिलं नाही, पण दुसरं काही सुचलंही नाही. थोडा वेळ गप्प बसले. पुढे कळलं की त्यांना बरोबर उत्तर नकोच असतं. आपण ज्याला साधं समजतो ते दुसऱ्याला कसं दिसेल, एवढा विचार हा माणूस करू शकतो का, ते त्या बघत असतात.

प्रशिक्षण ३० तासांचं. कोर्टाची रचना, मेंदूवर आघाताचा होणारा परिणाम, व्यसन, घरगुती हिंसा, रिपोर्ट कसा लिहायचा. शिवाय दर वर्षी १२ तासांची उजळणी. १९७८ च्या इंडियन चाइल्ड वेल्फेअर अ‍ॅक्टवर एक अख्खा भाग होता. इथल्या मूळ जमातींची मुलं पिढ्यानपिढ्या घरातून उचलून बोर्डिंग शाळांत आणि परक्या घरांत टाकली गेली, म्हणून हा कायदा आला. आता प्रत्येक केसमध्ये न्यायाधीश सगळ्यांना विचारतात, या मुलाचं कुठल्या जमातीशी नातं असल्याचं तुम्हाला माहीत आहे का? सरकारने मुलांच्या ‘भल्यासाठी’ काय काय केलंय याचा हा इतिहास आम्हाला मुद्दाम आधी शिकवला, हे मला आवडलं.

पण सगळ्यात जास्त वाद झाला तो एका कल्पनेवरून. मुलाला घरी परत पाठवायचं का, हे ठरवताना प्रश्न ‘यापेक्षा चांगलं घर मिळेल का’ हा नसतो. त्याच्या आईचं घर त्याच्यासाठी पुरेसं आहे का, हा असतो. पोटाला अन्न, डोक्यावर छप्पर, दवाखाना, शाळा, मारहाण नाही, आणि आपल्यावर जीव टाकणारं माणूस. ही किमान पातळी गाठली की परत पाठवायचं, शेजारच्या गल्लीत पोहण्याचा तलाव असलेलं घर त्याच्यासाठी तयार असलं तरी. वर्गात बहुतेक आम्ही मध्यमवर्गीय, मध्यमवयीन बायका. गोऱ्या जास्त, आम्ही दोन-तीन सावळ्या. कासावर टीका होते ती नेमकी हीच: गरिबांच्या, त्यातही काळ्या आणि लॅटिनो बायकांच्या संसाराला सुखवस्तू बायका मार्क देत फिरतात. टीका खोटी नाही. म्हणून तर ही ‘पुरेसं’ची पट्टी हातात देतात.

शपथ न्यायाधीशांसमोर झाली. उजवा हात वर करून. आमच्या कोर्टात एका कोपऱ्यात टेडी बेअरची टोपली असते. सुनावणीला आलेल्या मुलाने हवं ते उचलायचं. शपथेनंतर आमच्यातल्या एका निवृत्त पोस्टमनने न्यायाधीशांना विचारलं, मी एक घेऊ का? त्यांनी नाही म्हटलं.

मला मिळालेली केस बहीण-भावाची. नावं लिहायची मुभा नाही आणि खोटी नावं द्यायला मला आवडत नाही, म्हणून थोरला आणि धाकटी. ओळख पटेल असे बाकीचे तपशीलही मी बदललेत. तेव्हा थोरला आठ वर्षांचा, धाकटी दोन. आई रात्रपाळीला कपडे धुण्याच्या कारखान्यात. पाठीच्या दुखण्यासाठी डॉक्टरने दिलेल्या गोळ्या सुटल्या नाहीत, मग त्या डॉक्टरशिवाय मिळायला लागल्या. बाप दुसऱ्या राज्यात, केसमध्ये फक्त नावापुरता. एका रात्री धाकटी अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये एकटी फिरताना कुणाला तरी दिसली. वर थोरला तिला शोधत होता, आई कामावर होती. पोलीस आले, काउंटी आली. कॅलिफोर्नियात अशा वेळी ४८ तासांत कोर्टात अर्ज दाखल करावा लागतो आणि कामकाजाच्या पुढच्याच दिवशी पहिली सुनावणी होते. दोन्ही भावंडांना घेईल असं घर त्या रात्री सापडलं नाही. धाकटी एका घरी गेली, थोरला दुसऱ्या.

या देशातली अशी बहुतेक प्रकरणं मारहाणीची नसतात, दुर्लक्षाचीच असतात. फाइल वाचताना मला ते सारखं जाणवत होतं. त्यातल्या अर्ध्या गोष्टी पाळणाघराला पैसे असते तर घडल्याच नसत्या. उरलेल्या अर्ध्या मात्र घडल्या असत्या. गोळ्या पैशांनी सुटत नाहीत.

आणि घड्याळ चालू झालेलं असतं. काढताना मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर आईला सावरायला कायदा मुळात सहा महिने देतो, मोठ्या मुलांच्या बाबतीत बारा. सुधारणा दिसली तर कोर्ट मुदत वाढवू शकतं, साधारण अठरा महिन्यांपर्यंत. १९९७ च्या केंद्रीय कायद्याने सगळ्याच राज्यांना सांगून ठेवलंय, की २२ महिन्यांतले १५ महिने मूल फॉस्टरमध्ये, म्हणजे सरकारने तात्पुरतं ठेवलेल्या दुसऱ्या घरी, राहिलं तर, काही अपवाद सोडून, आईबापांचे हक्क संपवण्याची कारवाई सुरू करा. मुलांनी वर्षानुवर्षं लटकत राहू नये म्हणून हे केलं. हेतू चांगला आहे. पण व्यसनातून उठणाऱ्या बाईला सहा महिने म्हणजे काय, हे ज्याने घरात दारू पाहिलीय त्याला वेगळं सांगायला नको.

थोरल्याला पहिल्यांदा भेटले तेव्हा पहिलं वाक्य पाठ करून गेले होते. मी कोण, कशाला आले, आणि तू मला सांगशील ते सगळं मी गुपित ठेवू शकणार नाही. हे तिसरं सांगणं जिवावर येतं. मुलाचा विश्वास मिळवायला जायचं आणि दारातच सांगायचं, बाबा रे, मी जज्जना सांगणार. पण तो नियम बरोबर आहे, कारण याआधीच्या मोठ्यांनी त्याला भरपूर वचनं दिलेली असतात. तो अडखळत बोलायचा. ‘म-म-मग तू त्यांना सांग, की मला बहिणीकडे जायचंय.’ मी वहीत लिहिलं आणि त्याला दाखवलं. त्याने वाचून स्पेलिंग दुरुस्त केलं.

महिन्याला एक भेट पुरते, मी जास्त जायचे. त्याला घरी आणायची परवानगी नाही, महागड्या भेटवस्तू नाहीत, फोटो कुठे टाकायचे नाहीत, देवाधर्माचं बोलायचं नाही. गाडीतून न्यायला आमच्या कार्यक्रमात चालतं. आधी वाचनालयात नेऊन पाहिलं, तो कंटाळला. त्याला मेजरिंग टेपचं वेड होतं, दिसेल ते मोजायचा. मग मला कुणीतरी सांगितलं की होम डेपोमध्ये महिन्याच्या पहिल्या शनिवारी लहान मुलांना लाकडाच्या वस्तू बनवायला शिकवतात, फुकट. एक छोटा नारिंगी एप्रन देतात, काम झालं की वर लावायला बिल्ला. तिथे हातात हातोडी आली की याचं अडखळणं जवळपास थांबायचं. खिळे तोंडात धरून बोलायचा आणि मी ओरडायचे. हे मी रिपोर्टमध्ये लिहिलं. खिळ्यांचं नाही, अडखळण्याचं.

कारण शाळेत दुसरंच चित्र होतं. घर बदललं तशी शाळा बदलली. खरं तर फॉस्टरमधल्या मुलाला आधीच्याच शाळेत राहायचा हक्क आहे. कॅलिफोर्नियात २००४ पासून हा कायदा आहे. पण त्या पहिल्या धावपळीत ते अंतर लांब पडतं म्हणून कुणी फार विचार केला नाही. आधीच्या शाळेत त्याला बोलण्याची थेरपी मिळत होती, विशेष शिक्षणाचा आराखडा मंजूर होता. नव्या शाळेला तो आराखडा मिळालाच नाही. कायद्यात दोन दिवसांत कागद पाठवायचे आहेत. मी दोन्ही शाळांच्या ऑफिसात फोन करत राहिले. एकीकडे म्हणायचे पाठवलं, दुसरीकडे म्हणायचे आलं नाही. हिशेबाच्या धंद्यात राहिल्याचा इथे फायदा झाला. न येणारा कागद कसा मागायचा हे मला येतं: नम्रपणे, दर मंगळवारी, आधीचा ईमेल खाली जोडून. दरम्यान न्यायाधीशांनी त्याच्या शिक्षणाचे निर्णय घ्यायचा हक्क तात्पुरता माझ्याकडे दिला. मग शाळेला माझ्याशी बोलणं भाग पडलं. बैठकीला टेबलाभोवती शिक्षिका, मानसशास्त्रज्ञ, थेरपिस्ट, मुख्याध्यापकांच्या वतीने कुणीतरी. त्यांच्यातल्या निम्म्या लोकांनी त्याला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. ‘वर्गात सहभाग घेत नाही’ असं कागदावर होतं. मी विचारलं, थेरपी बंद होऊन किती आठवडे झाले? थोडी शांतता झाली आणि थेरपी पुढच्या आठवड्यापासून सुरू झाली.

रविवारी फोनवर सासूबाईंना हे थोडंफार सांगायचे. नावगाव न घेता, जेवढं चालतं तेवढंच. त्या कराडला असतात. त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘अगं, पण भावकीत कुणी नाही का त्यांच्या?’ मी म्हटलं, आई, तुम्ही २००८ चा अमेरिकन कायदाच बोलून दाखवलात. मूल काढल्यापासून ३० दिवसांत आजी-आजोबा आणि जवळच्या नातेवाइकांना शोधून कळवायचं, असं त्यात आहे. या मुलांच्या आईची एक मावशी शेजारच्या राज्यात होती. तिला मुलं हवी होती. पण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात मूल पाठवायचं तर दोन राज्यांमधल्या करारानुसार तिच्या घराची तपासणी व्हावी लागते. कायद्यात त्याला ६० दिवस आहेत. प्रत्यक्षात तिच्याकडे माणूस यायलाच उन्हाळा संपला. तोवर इकडे आईची गाडी रुळावर येत होती. मावशी मग शनिवारी व्हिडिओवर भेटायची. या म्हातारीने दोन्ही मुलांना एकाच पडद्यावर आणलं, जे काउंटीला बराच काळ जमलं नव्हतं.

आता बसची गोष्ट. ही माझ्या दृष्टीने या केसमधली सगळ्यात महत्त्वाची आहे. सहामाही सुनावणीच्या आधी सोशल वर्करच्या रिपोर्टात होतं, की आई मुलांच्या भेटी वारंवार चुकवते. देखरेखीखालच्या भेटी एका केंद्रात व्हायच्या, रविवारी सकाळी दहाला. पंधरा मिनिटांपेक्षा उशीर झाला की भेट रद्द आणि नोंद ‘गैरहजर’. वाचून माझंही मन खट्टू झालं. मग मी आईला भेटायला गेले. ती दारातच म्हणाली, ‘मिस, मी गेले होते. दर वेळी गेले होते.’ असं सगळेच म्हणतात. पण तिने पर्समधून बसच्या पासचे कागद काढले. म्हणून पुढच्या रविवारी मी गाडी घरी ठेवली आणि तिच्या घराजवळच्या थांब्यावरून निघाले. पहिली बस वेळेवर. दुसरी रविवारी तासाला एकच, आणि पहिली पोचायच्या चार मिनिटं आधी ती निघून गेलेली असते. म्हणजे सकाळी रात्रपाळीहून आलेल्या बाईने दहाला पोचायचं असेल तर तिने एक तास आधीची बस पकडायला हवी, जी तिची पाळी सुटायच्या आधीच निघते. मी थांब्यावरच्या वेळापत्रकाचा फोटो काढला आणि रिपोर्टला जोडला. त्याखाली माझं मत लिहिलं नाही, फक्त वेळा लिहिल्या. न्यायाधीशांनी तो फोटो बघितला, काउंटीच्या वकिलाकडे बघितलं आणि भेटीची वेळ दुपारची केली. त्यानंतर आईची एकही भेट चुकली नाही. सोशल वर्करवर माझा राग नाही. तिच्याकडे माझ्यासारखा रविवार नसतो.

रिपोर्ट लिहिणं ही एक वेगळीच शाळा. माझी सुपरवायझर निवृत्त शिक्षिका, लाल पेन तिच्या रक्तात. मी लिहिलं, ‘घर स्वच्छ होतं.’ तिने विचारलं, तू काय पाहिलंस? मी लिहिलं, ‘सिंकमध्ये दोन ताटल्या, फ्रिजमध्ये दूध, अंडी, कालची डाळ-भातासारखी काहीतरी भाजी.’ ती म्हणाली, तुझी डाळ-भाताची उपमा काढ, बाकी राहू दे. ‘आई मुलांवर प्रेम करते’ हेही चालत नाही. ‘आईने धाकटीचे बूट घालताना गुडघे टेकून तिच्याशी बोलत बोलत लेस बांधली, धाकटी हसली’ हे चालतं. मुलाला काय हवंय तेही स्वतंत्र लिहायचं, माझं मत त्याच्या उलट असलं तरी. आणि सर्वांत शेवटी शिफारस.

ती शिफारस लिहायची वेळ आली तेव्हा प्रश्न सोपा राहिला नव्हता. धाकटीची फॉस्टर आई अत्यंत चांगली बाई. घर मोठं, अंगण, तिची स्वतःची खोली. धाकटी तिला मम्मी म्हणायला लागली होती. परत जाणं जमलं नाही तर दत्तक घ्यायची तिची तयारी होती, आणि कायद्यानेच दोन्ही रस्ते बरोबरीने चालू ठेवायचे असतात, म्हणजे तिने आशा धरली यात तिचं काही चुकलं नाही. दुसऱ्या बाजूला एका बेडरूमचं अपार्टमेंट, दिवसपाळी मिळवलेली, महिनोन्‌महिने गोळ्यांच्या तपासण्या स्वच्छ दिलेली, पण उद्याची खात्री नसलेली खरी आई.

त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या पंगतीला यावर जोरदार वाद झाला. मी केस सांगितली नव्हती, नुसती ती ‘पुरेसं’ची पट्टी सांगितली होती. आमचे एक डॉक्टर मित्र भडकलेच. ‘मुलाला चांगलं घर मिळतंय तर खराब घरी पाठवायचं? हा कुठला न्याय?’ मी म्हटलं, डॉक्टर, तुम्ही डोंबिवलीत दोन खोल्यांत सात माणसं राहायचात. त्या वेळी कुणी येऊन म्हणालं असतं, दादरला एका जोडप्याचा फ्लॅट रिकामा आहे, पोराला तिकडे द्या, शिक्षण बरं होईल, तर? ‘आमचे आईबाप गोळ्या खात नव्हते,’ ते म्हणाले. मुद्दा बरोबर आहे. आमच्याच चाळीत एक काका प्यायचे. त्यांची दोन्ही मुलं रात्री आमच्याकडे जेवायची आणि कित्येकदा आमच्याकडेच झोपायची. कुणी कोर्टात गेलं नाही. शेजाऱ्यांनी ती मुलं वाढवली असं आम्ही अभिमानाने सांगतो. पण ज्या रात्री ती आमच्याकडे आली नाहीत त्या रात्री काय झालं, हे आम्ही कधी विचारलं नाही. म्हणजे चाळीचं कौतुक करून हा प्रश्न सुटत नाही. सुटतो तो एवढ्यानेच, की या आईला, या महिन्यात, ही दोन मुलं सांभाळता येतात की नाही, हे कुणीतरी जाऊन बघायचं. डॉक्टरांनी मोदक वाढून घेतला आणि विषय बदलला. पटलं नव्हतं त्यांना.

मी शिफारस केली: दोन्ही मुलांनी घरी जावं, पण टप्प्याटप्प्याने. आधी शनिवार-रविवारचा मुक्काम, मग धाकटीला जास्त वेळ देऊन. थोरल्याची शाळा वर्ष संपेपर्यंत बदलू नये. आणि आईची तयारी असेल तर धाकटीची फॉस्टर आईशी भेट चालू राहावी. हे शेवटचं मी आधी आईला विचारून लिहिलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘तिने माझ्या मुलीला पॉटीला बसायला शिकवलं. मी कशाला तोडू?’

बारामाहीची सुनावणी सकाळी साडेआठची होती. साडेआठची म्हणजे सगळ्यांनाच साडेआठला बोलावलेलं असतं. कॉरिडॉरमध्ये बाकांवर आया, बाप, आज्या, झोपलेली बाळं, आणि मधून फाइली घेऊन आपापला अशील शोधणारे वकील. कितीतरी लोकांची आपल्या वकिलाशी महिन्यांनंतरची पहिली भेट त्या कॉरिडॉरमध्येच होते, उभ्या उभ्या. आईने पगाराच्या स्लिपा आणि तपासण्यांचे निकाल एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये लावून आणले होते, महिन्यांप्रमाणे. मला त्या फोल्डरचं फार कौतुक वाटलं, धंद्याचा गुण असेल. आमचा पुकारा झाला तेव्हा जेवणाची वेळ होत आली होती.

आतलं काम पंधरा मिनिटांत झालं. फॉस्टर आईलाही लेखी माहिती द्यायचा हक्क असतो. तिने फॉर्म भरून दिला होता. त्यात तक्रार एकही नव्हती. धाकटी झोपताना कानाची पाळी चोळते, तिला अंड्याचा पिवळा भाग आवडत नाही, अंधारात घाबरत नाही पण फ्लशच्या आवाजाला घाबरते, असं पानभर. न्यायाधीशांनी ते मोठ्याने वाचलं नाही, पण आईच्या वकिलाला म्हणाले, याची एक प्रत तुमच्या अशिलाला द्या. मला विचारलं, तुम्हाला रिपोर्टात आणखी काही घालायचंय? मी म्हटलं, थोरल्याला घरी जायचंय, आणि ते तो आता न अडखळता सांगतो. काउंटीने विरोध केला नाही. मुलं परत गेली. केस आणखी काही महिने देखरेखीखाली राहिली आणि मग बंद झाली.

केस बंद झाली की कासाची नेमणूक संपते. टिपणं, रिपोर्टांच्या प्रती सगळं ऑफिसात जमा करायचं. पुढे ओळख ठेवायची की नाही हे आईच्या मर्जीवर. तिने ठेवली नाही. तिच्या जागी मीही ठेवली नसती. कोर्टाशी बांधलेला प्रत्येक चेहरा दारात उभा राहिला की तिला पार्किंगची रात्र आठवणार. फॉस्टर आई मात्र धाकटीला अधूनमधून भेटते, एवढं मला केस बंद व्हायच्या आधी कळलं होतं. त्यापुढचं मला काही माहीत नाही.

सध्या माझ्याकडे सोळा वर्षांचा एक मुलगा आहे. तो मला भेटायला तयार नसतो, पण मेसेजला उत्तर देतो, बहुतेक एका अक्षराचं. त्याच्या वयात प्रश्न वेगळे. कॅलिफोर्नियात अठरानंतरही एकविसाव्या वर्षापर्यंत या व्यवस्थेत राहता येतं, राहण्या-खाण्याचा खर्च मिळतो, पण त्यासाठी शिक्षण, नोकरी असं काहीतरी चालू असावं लागतं. त्याला वाटतं अठरा झालो की सुटलो. मला वाटतं त्याने बाहेर पडायची सही करण्याआधी भाड्याचे आकडे बघावेत. त्यावर आमची मेसेजवर भांडणं चालतात.

पुण्याच्या मावसबहिणीने विचारलं, आपल्याकडे असं काही आहे का? हुबेहूब नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्याखाली जिल्ह्याजिल्ह्यात बालकल्याण समित्या आहेत. आणि लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत, पॉक्सोच्या २०२० च्या नियमांनुसार, समिती मुलाला एक सहायक व्यक्ती देऊ शकते, जी तपासापासून खटला संपेपर्यंत त्याच्या सोबत राहते. माझ्या कामाच्या सगळ्यात जवळचं तेच. कुणाला मुलाबद्दल काही कळवायचं असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहेच.

आणि इथल्या मराठी मंडळींसाठी, कारण दर कार्यक्रमात कुणीतरी बाजूला घेऊन विचारतंच. वय २१ पुरं हवं. इंग्रजीच्या उच्चारांची काळजी करू नका, न्यायाधीश रिपोर्ट वाचतात. नोकरी सांभाळून जमतं, पण सुनावण्या कामाच्या दिवशी असतात, तेव्हा साहेबांना आधी विचारून ठेवा. केस संपेपर्यंत राहायची तयारी नसेल तर अर्ज करू नका, कारण मधेच सोडून गेलेल्या मोठ्यांची यादी त्या मुलांकडे आधीच लांब असते. पुरुष फार कमी येतात आणि त्यांची गरज जास्त आहे, विशेषतः मोठ्या मुलग्यांसाठी. माहिती-सत्र बहुतेक काउंट्यांत ऑनलाइन असतं, तासाभराचं. कॅमेरा बंद ठेवून ऐकलं तरी चालतं.